दोन पॉइंटांनी हरलेला माझा भाऊ

भाऊ,

तुला मेल्यावर जिंकवायला निघालेत ही माणसं.

तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले नाहीत तोच शंकरपट समितीचे अध्यक्ष चैनलालभाऊ तिघाचौघांना घेऊन कुडव्याला माझ्या घरी आले. चहा झाला, तुझ्या फोटोकडे बघून सुस्कारे टाकून झाले, आणि मग चैनलालभाऊंनी घसा खाकरला. म्हणाले, "बाई, आमी असं ठरवून राहिलो, का त्या शेवटच्या फेरीचा निकाल बदलवाचा. टेकूभाऊच जितले होते, असं वहीत लिवाचं. दानीच्या तोंडाशी मोठा बोर्ड लावू, त्यायच्या नावाचा, विजेते म्हनून. तुमी फक्त सही करा. घडी तुमच्या हाती होती ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहिलं. तेरवीनंतर माझ्याकडेच राहिलेली ती मधल्या दारात पदर धरून उभी होती. हळूच म्हणाली, "होऊ द्या ना वो बाई. त्यायचं नाव लागते त."

मी म्हटलं, रविवारी गावात बैठक ठेवा, तिथंच येऊन सांगते. पोरांच्या उत्तरपत्रिका तपासताना मला कधी चार दिवस लागले नाहीत. या एका सहीला लागले.

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या होत्या. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ. मनमिळाऊ! मला त्या दुखवट्यातसुद्धा हसू फुटलं. ज्याच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईकानं "जरा लवकर करा ना" म्हटलं की पाना खाली ठेवून जो तासभर विडी ओढत बसायचा, तो मनमिळाऊ? तू हट्टी होतास भाऊ. खुंटासारखा हट्टी. आपल्या भागात मातीवर मोटारगाड्यांचा पट उभा राहिला तो त्या हट्टापायी, आणि त्याच पटात तू हरलास तोही त्याच हट्टापायी. पेपरवाल्यांना हे कुठून कळायचं?

आपले बाबा धुरकरी होते, पटाच्या शर्यतीत बैलजोडी हाकणारे. धान चुरून घरात आलं की गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर दान आखली जायची. मातीच्या दोन लांब सरळ पट्ट्या, मध्ये वरंबा, एकेका पट्टीवर एकेक जोडी. तुला आठवतं, आपण दोघं ट्रॉलीवर बसून ऊस खात बघायचो आणि बाबांची गाडी आली की तू उसाचं कांडं फेकून उभा राहायचास. एका वर्षी एक जोडी मधेच जू सोडून निसटली आणि गाडीला, गाडीवानाला मागं टाकून रेघेपार निघून गेली. मालक छाती काढून म्हणाला, माझे बैल पहिले आले, वेळ लिहा. बाबा तेव्हा पंच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बैल आले गा, गाडी कोठी हाये?"

सगळा पट हसला. पण त्या दिवसापासून आपल्या गावाचा नियम झाला की बैलाच्या नाकावर घड्याळ थांबवायचं नाही. गाडीचं चाक रेघ ओलांडेल तेव्हाच थांबवायचं. दुसऱ्या गावच्या पटांत काय चालतं ते त्यांचं त्यांना. आपल्याकडं चाक म्हणजे चाक. पुढं कोणी अर्धवट काम करून ऐट मिरवली की लोक म्हणायचे, "बैल आले, गाडी कोठी हाये?"

मोटारगाड्या त्या दानीवर पहिल्यांदा धावल्या त्या नव्व्याण्णव साली, आणि त्या काही योजून धावल्या नाहीत, चिडून धावल्या. चिचगडचा सोमजी त्याच्या काळी-पिवळी जीपमध्ये माणसं कोंबून पट दाखवायला आला होता. चहाच्या टपरीवर म्हणाला की देवरीच्या रस्त्यावर त्याच्या जीपला ओलांडेल अशी गाडी अजून जन्मायची आहे. तू शेजारीच बसला होतास. तुझ्याकडे तेव्हा एका राइस मिलवाल्यानं टाकून दिलेली, अर्धी गंजलेली अम्बॅसिडर होती. तू ती नुकतीच चालती केली होतीस आणि आख्ख्या गोंदियाला दाखवत फिरत होतास.

"रस्त्यावर कोनीबी पळवते," तू म्हणालास. "मातीवर ये."

शेवटची जोडी धावून गेली होती, लोक अजून पांगले नव्हते. तुम्ही दोघं सरळ दानीवर गाड्या घातल्यात. मी कपाळावर हात मारला. अर्ध्यातच तुझा रेडिएटर फुटला आणि तू वाफेच्या ढगात अंतर्धान पावलास. सोमजी एकटाच रेघेपार गेला. जाणती माणसं खवळली, बैलाच्या दानीवर रबर फिरवलं म्हणून. तेव्हा बाबा ट्रॉलीवरून खाली उतरले. मला वाटलं आता तुला चार लोकांत थप्पड बसते. पण ते त्या माणसांना म्हणाले, "माती कोनाची नाई गा. जो तिच्यावर इमानानं पळन, त्याची." आणि मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "पुढल्या साली पानी भरून आन."

तुझ्या पटाची सुरुवात ती. मला आता कोणी इतिहास विचारला तर मी फुटलेल्या रेडिएटरपासून सांगते.

पुढच्या साली तू माझ्याकडे आलास. मी शाळेत खेळ शिकवायचे, पोरांच्या शंभर मीटरच्या शर्यती घड्याळावर घ्यायचे, म्हणून तू मला जन्मभर "मास्तरीन" म्हणत आलास. दोन स्टॉपवॉच माझ्या पुढ्यात ठेवून म्हणालास, एक डाव्या पट्टीचं, एक उजव्या पट्टीचं, दोन्ही तू धर. मी म्हटलं, अरे, बाईमाणूस दानीवर चालत नाही, बैलांच्या पटात मला कधी रेघेजवळ उभं राहू दिलंय का कोणी? तू म्हणालास, "बैलाचं बैल जाने. गाडीले कायले चालत नाई? गाडीनं का तुले सांगतलं?"

समितीत दोन दिवस वाद झाला. तू एकटा एका बाजूला. शेवटी तू म्हणालास, निर्मलाच्या हाती घडी नसेल तर गाड्याही नाहीत, आणि उठून गॅरेजला निघून गेलास. तिसऱ्या दिवशी ते बोलवायला आले. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, दोन्ही हातांत घड्याळं, अशी मी रेघेवर उभी राहिले तेव्हा दोन्हीकडच्या ट्रॉल्यांवरच्या बायका उभ्या राहून बघत होत्या. हे मी तुला कधी बोलले नाही, पण मुख्याध्यापिका झाले त्या दिवशीसुद्धा मला इतका ताठा चढला नव्हता.

नियमांची वही तू त्याच वर्षी लिहिलीस. तुझ्या त्या आडव्यातिडव्या अक्षरात. पहिलाच नियम: "मागचं चाक रेघ ओलांडल तवाच घडी थांबल." बाबांचा नियम तू उचलून गाडीला लावलास. गाडीचं नाक काही गाडी सोडून पुढं पळत नाही, हे तुझ्यासारख्या मेकॅनिकच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्यासारख्या मास्तरणीच्याही नाही. आपण दोघं बैलाच्या पटात वाढलो होतो.

मग तो पट वाढत गेला भाऊ, बघता बघता. पहिल्या वर्षी दोन गाड्या, दुसऱ्या वर्षी सात. काळी-पिवळीवाले आले, गोंदियाचे गॅरेजवाले आले, बालाघाटहून, राजनांदगावहून ट्रकांवर लादून गाड्या यायला लागल्या. फियाट, मारुती, छप्पर कापलेल्या जीपगाड्या. लोक ट्रॅक्टर लावून ट्रॉल्यांची रांगच उभी करत, सकाळी नऊलाच जागा धरून. बायका नाकाला पदर बांधून बसत, पोरं खांद्यावर. लाखोळीच्या डाळीच्या वड्यांची कढई उतरायची नाही. लाऊडस्पीकरवर गोंदियाचा तो निवेदक ओरडायचा, "भाइयो और बहनो, धूल से डरना नहीं, धूल तो प्रसाद है!" आणि खरंच, संध्याकाळी घरी परतणारा प्रत्येक माणूस पापण्यांपर्यंत एका रंगाचा झालेला असायचा. पाटील आणि त्यांचा सालदार ओळखू येत नसत. तुला त्याचीच मौज वाटायची.

माती मात्र तू कोणाला हात लावू द्यायचा नाहीस. पटाच्या आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारायचास, रोलर फिरवायचास आणि मग चपला काढून आख्खी दान अनवाणी चालून बघायचास. पायाला गार लागली पाहिजे पण चिकटली नाही पाहिजे, हे तुझं माप. रायपूरचा एक टॅक्सीवाला तुला हसला होता. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी रेघेपर्यंत सुतासारखी सरळ गेली, तेव्हा त्यानं येऊन तुझ्या पायांना हात लावला. तू दचकलास आणि त्यालाच ओरडलास.

आणि ती गोल दान! कुठल्याशा चॅनेलवर तू परदेशातली मातीवरची शर्यत पाहिलीस आणि सकाळी सातला माझ्या दारात हजर. "मास्तरीन, ते गोल फिरतात वो! अन् सारेच्या सारे डावीकडेच वळतात! लाखो लोक पाहाले येतात तिकडं." महिन्याभरात तू धानाच्या दोन बांध्यांमधला धुरा फोडून, हातापाया पडून, गोल दान केलीस. पहिल्याच वळणावर एक फियाट सरळ गेली. वळलीच नाही. धुऱ्यावरून उडून शेजारच्या बोडीत. चालक गुडघाभर पाण्यातून बाहेर आला तो गळ्यात शिंगाड्याचे वेल घालून, नवरदेवासारखा. लागलं कोणालाच नाही. पण शिंगाडेवाल्यानं तुला जे सुनावलं ते ऐकून मी घड्याळं पर्समध्ये टाकून तोंड लपवलं. तू संध्याकाळी म्हणालास, "आपली मानसं सरळ हायेत वो. सरळच पळू दे."

हसण्यासारखं खूप आहे. पण एका गोष्टीत तू कधी हसला नाहीस. दोन्ही बाजूंना बांबूचं दुहेरी कुंपण, दानीपासून पन्नास पावलांवर. एक जरी माणूस आत असला तरी झेंडी पडायची नाही. दारं वेल्डिंगनं बंद, पुढच्या काचेच्या जागी लोखंडी जाळी, ट्रकच्या माल बांधायच्या पट्ट्यांनी चालकाला सीटला आवळलेलं, रेघेपुढं तणसाचे ढीग. एकदा एक पुढारी कुंपणाच्या आत खुर्ची टाकून बसले, उठेनात. तू पाऊण तास पट थांबवलास. लोकांनीच त्यांना उठवलं, तुला उठवावं लागलं नाही. इतक्या वर्षांत आपल्या पटात बघणाऱ्याच्या अंगावर साधा ओरखडा आला नाही. मला तुझा सगळ्यात जास्त अभिमान कशाचा आहे असं कोणी विचारलं तर मी त्या बांबूच्या कुंपणाचं नाव घेईन.

बैलांच्या पटावर बंदी आली तेव्हा काही जण कुजबुजले, टेकूचं फावलं. गर्दी सगळी गाड्यांकडे वळली हे खरं. पण तू त्या साली जेवला नव्हतास नीट. गाड्यांच्या पटाच्या सकाळी तू एक जोडी आणलीस, शिंगांना तेल लावलंस, झूल घातलीस आणि कासरा धरून दानीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालवत नेलीस. पळवली नाहीस, हाकलीसुद्धा नाहीस. जाणती माणसं उभी राहिली. तेव्हापासून दरवर्षी दानीवर पहिला पाय बैलाचा, मग गाड्या. कुजबुजणारे पुढच्या साली स्वतः जोडी घेऊन यायला लागले.

आता त्या दिवसावर येते.

नव्व्याण्णवनंतर तू स्वतः कधी धावला नव्हतास. पंगत वाढणाऱ्यानं आधी ताट घेऊन बसू नये, असं म्हणायचास. पण सोमजी लागोपाठ चार वर्षं जिंकला, बाबा गेले, तुझी पन्नाशी उलटली, आणि एक दिवस तू गॅरेजमध्ये ती जुनी अम्बॅसिडर पुन्हा उघडलीस. वहिनी माझ्याकडे रडत आली. मी तुला विचारलं, काऊन, आता कशाला? तू इंजिनातून डोकं न काढता म्हणालास, "येक बार पोचून पाहतो वो. मांगच्या खेपी अर्ध्यातच रायलो होतो." मग मी काही बोलले नाही.

तू एकेक फेरी काढत शेवटच्या फेरीत आलास. डाव्या पट्टीवर तुझी अम्बॅसिडर, उजव्या पट्टीवर सोमजीची मारुती. सोमजीनं पुढचा बंपरही काढून टाकला होता. नाकापासून मागच्या चाकापर्यंत तुझी गाडी त्याच्या गाडीहून हातभर लांब होती. हे गणित कोणी केलं नव्हतं. दोन्ही नाकं रेघेला लावून उभी होती आणि सगळ्यांना ते बरोबर दिसत होतं.

झेंडी पडली. माझे दोन्ही अंगठे एकदम दाबले गेले. मारुती हलकी, सुरुवातीला पुढं. मग अर्ध्या दानीत तुझं इंजिन जे काही बोलायला लागलं ते मी आजही ऐकते. तू एकेक वीत खेचत आलास. रेघेवर तुझं नाक पुढं होतं. वीतभर. आख्ख्या गावानं ते पाहिलं, आणि आख्खं गाव कुंपणावर चढून ओरडलं.

पण मागचं चाक आधी सोमजीचं आलं. उजवं घड्याळ बावीस सेकंद चाळीस पॉइंट, डावं बावीस सेकंद बेचाळीस. सेकंदाच्या शंभराव्या भागाला पटात पॉइंट म्हणतात. तू दोन पॉइंटांनी हरलास.

लोक माझ्यावर धावून आले भाऊ. बाईनं घोळ केला, बाईला दिसत नाही, हाताच्या घड्याळात दोन पॉइंट म्हणजे काय, गाडीचं नाक काय गाडी सोडून येते? चैनलालभाऊ सगळ्यांत पुढं. मी रेघेवर उभी होते, दोन्ही मुठी घट्ट. तू खिडकीतून बाहेर आलास, कारण दारं बंद. तोंडावर धूळ, फक्त डोळे दिसत होते. गर्दी बाजूला झाली. तू माझ्यासमोर येऊन एकच शब्द विचारलास.

"चाक?"

मी म्हटलं, "चाक."

तू दोन्ही घड्याळं पाहिलीस. मग वळलास, सोमजीचा हात धरून वर केलास आणि निवेदकाच्या हातून माइक घेतलास. "नियम मी लिवलो. घडी माझ्या बहिनीची. मी हरलो." एवढंच. 

लोकांना वाटलं तू किती मोठ्या मनाचा. होताच. पण पुढचे तीन महिने माझ्या घराची पायरी चढला नाहीस ते मोठं मन कुठं गेलं होतं? माझ्या दारावरून मोटारसायकल घेऊन जायचास, हॉर्नसुद्धा द्यायचा नाहीस. शेवटी मीच गॅरेजमध्ये आले. म्हटलं, राग कशाचा? नियम तूच लिहिलास.

"मी लिवलो," तू म्हणालास. "मी सातवी पास. चूक काढाचं काम कोनाचं? मास्तरीन कोन हाये?"

मी म्हटलं, मग आता बदल नियम. नाक कर.

तू उसळलास. "ज्या नियमानं मी हरलो तो मीच बदलवू? बाबा काय म्हनतील?"

मी म्हटलं, बाबा बैलांबद्दल बोलले होते. तू म्हणालास, बाबा इमानाबद्दल बोलले होते. हे भांडण आपण त्यानंतर दर दिवाळीला, दर भाऊबीजेला, ओवाळणीचं ताट हातात असताना घातलं. कधी तू जिंकायचास, कधी मी. नियम शेवटपर्यंत तोच राहिला, आणि गाडीच्या शर्यतीत मागचं चाक मोजायचा मूर्खपणा करणारं गाव एकटं आपलंच असावं. मी अजूनही म्हणते की नियम चुकीचा होता. हे भांडण तू असं अर्धवट सोडून जायला नको होतंस.

बैठक परवा झाली. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर. मला वाटलं होतं पाचपंचवीस माणसं असतील, पाहते तर आख्खं गावच होतं. वहिनी माझ्या गाडीवर मागं बसून आली. आणि चिचगडहून सोमजी आला होता. केस पांढरे झालेत त्याचे. मांडीवर गमछ्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चैनलालभाऊंचं भाषण झाल्यावर त्यानं गमछा उलगडला. त्या वर्षीची ढाल होती. पितळ घासून लखलखीत केलेली.

"माझी काई मनाई नाई," तो म्हणाला. "टेकूभाऊपेक्षा ढाल मोठी हाये का? घ्या. त्यायचीच हाये म्हना."

त्यानं ढाल वहिनीच्या पुढ्यात ठेवली. ठेवताना त्याची बोटं तिच्या कडेवर क्षणभर राहिली. तेवढं मला दिसलं. इतकी वर्षं रेघेवर उभी राहून माझे डोळे एवढंच शिकले आहेत.

मी उठले. म्हटलं, मी सही करणार नाही. माझा भाऊ हरला होता.

गलका झाला. कोणी म्हणालं, सख्खी बहीण असून! कोणी म्हणालं, मेलेल्या माणसाला एवढंही देत नाही. मी शाळेतल्या आवाजात ओरडले, तेव्हा कुठं शांत झाले. म्हटलं, तुम्ही त्याला जी गोष्ट द्यायला निघालात ती त्यानं स्वतःच्या हातानं परत केली होती, तुमच्या सगळ्यांदेखत, माइकवर. त्याच्याजवळ एवढी एकच गोष्ट अशी होती जी कोणाच्या गॅरेजमध्ये मिळत नाही. ती पुसून तुम्ही तिथं पितळ ठेवणार? आणि ढाल उचलून मी सोमजीच्या मांडीवर ठेवली.

 सोमजी गमछ्यानं डोळे पुसत म्हणाला, "लय बरं केलं बाई. मी जिंदगीत येकच गोष्ट केलो. टेकूभाऊले हरवलो. नातवायले तेच सांगतो. तो जितला असं लिवलं असतं त माझ्याजवळ काय रायलं असतं?"

चैनलालभाऊंनी सहीसाठी आणलेली वही मिटली. मी वहिनीकडे बघायला घाबरत होते. तीच म्हणाली, पदर नीट करत, "त्यायनंबी हेच केलं असतं. म्हनूनच त राग येते."

बोर्ड लागणार आहे भाऊ. मजकूर सोमजीनंच सांगितला, आणि कोणीही एक अक्षर बदललं नाही. "या दानीवर गाड्या आणणारे टेकचंदभाऊ. धावले दोनदा. हरले दोनदा." हरल्याचा बोर्ड लागलेला माणूस आपल्या जिल्ह्यात दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. मी रंगाऱ्याला म्हटलं, अक्षरं मोठी काढ, रस्त्यावरून वाचता आली पाहिजेत.

एक गोष्ट राहिली. ती बैठकीत सांगायची नव्हती, तुलाच सांगायची होती.

दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, वहिनी खाली औषध आणायला गेली होती. तू छताकडे बघत होतास. मग एकदम विचारलंस, "मास्तरीन, त्या दिवशी तुले काय वाटून राहिलं होतं? मी जितावं असं वाटलं होतं का नाई?" मी म्हटलं, घडीवालीला काही वाटत नसतं, तू गप पड, सलाईन लागली आहे. तू हसलास आणि डोळे मिटलेस. मी तुझं पांघरूण सारखं केलं. दुसऱ्या दिवशीपासून तू बोलला नाहीस.

मला वाटलं होतं, भाऊ. त्या वर्षी पट सुरू व्हायच्या आधीपासून मी देवाला बोलत होते. तुझं नाक रेघेवर आलं तेव्हा माझा डावा अंगठा अर्धा दाबला गेला होता. आख्खं गाव ओरडत होतं, मीही ओरडत होते आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं. अजून केसभर दाबला असता तर तू जिंकला असतास आणि कोणाला काही समजलं नसतं. तुझं चाक येईपर्यंत मी तो अंगठा तसाच अर्ध्यात धरून ठेवला. तुझ्यासाठी याहून जड काम मी आयुष्यात केलेलं नाही.